चार सेकंद

न्यूयॉर्क, चव्वेचाळिसावा रस्ता. नोव्हेंबर.
हजार खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी,
पाचव्या रांगेत कॅमेरा, एकटाच बसलेला.

दुसऱ्या अंकातलं गाणं रात्रीतून बदललंय;
लोरेटाच्या तळहातावर शाईनं नव्या ओळी,
जुन्या अजून जिभेवर.
बासरीवाला काचेच्या पेटीत,
त्याचा श्वास आता धोक्याच्या यादीत.

डेझमंडनं विनोद टाकला
आणि थांबला, सवयीनं,
हशा ओसरेपर्यंत थांबतात तसा.
चार सेकंद
नुसती दिव्यांची गुणगुण.

"हे कापू," संकलक म्हणाला.

लोरेटा, मास्क न काढता:
माझं अख्खं कडवं कापलंत,
हूं की चूं केलं नाही मी.
एवढं राहू द्या.
कुणीतरी भांडी घासता घासता बघत असेल,
त्याला हात पुसायला तरी वेळ द्या.