बुखोचे पाय

तीन पुस्तकं झाली तरी बुखोला पाय नव्हते.
एतेरी कधी गुडघाभर गवत काढायची,
कधी बर्फ, कधी द्राक्षांची टोपली,
आणि त्यामागे आमचं साळिंदर, काटे फुलवून.
"पाय जमत नाहीत मला," म्हणायची,
"तू गोष्टीत चिखल घाल."
मी घालायचो.

मग वाझाने त्याला आवाज दिला,
कुताइसीतल्या आमच्या स्वयंपाकघरात,
डोक्यावरून रजई घेऊन, फ्रिज बंद करून.
दूध नासलं. दुसरा भाग मात्र झकास झाला.
रेडिओवर पाय लागत नाहीत.

हलत्या चित्राला लागतात.
एक प्रकाशक म्हणाला, हक्क द्या,
पाय आम्ही लावतो.
आम्ही दार लावलं.

पुढे महिनाभर एतेरी कागद फाडत राहिली.
मग तिचे वडील इस्पितळातून घरी आले,
डाव्या हातात काठी, आणि उजवा पाय
जरा उशिराने येणारा,
हाक मारून आणावा लागणाऱ्या पोरासारखा.
ती ओसरीतच बसली पेन्सिल घेऊन.
"बाबा, अजून एकदा. भिंतीपर्यंत."
ते गेले, आले. कुरकुरले. परत गेले.
एका सेकंदाला बारा चित्रं.

परवा सामत्रेदियाच्या बालवाडीत
चादरीच्या पडद्यासमोरून उठून
पोरं बुखोसारखी चालायला लागली:
एक पाऊल,
थांब,
ये रे,
दुसरं.

मागच्या खुर्चीवरून म्हातारा म्हणाला,
साळिंदर चांगलंय,
पण चालतं कुणासारखं कळत नाही.