पुडी

विषाणू गेला, असं दोन वर्षांपूर्वीच म्हणाले होते.
आम्ही गल्लीत सरबत वाटलं.
मुतवल्लीच्या रक्ताला मात्र कुणी कळवलंच नसावं:
दर तीन महिन्यांनी मनसूराच्या इस्पितळात
तोच कागद, त्याच दोन ओळींपुढे
तोंड वर केलेले बाण.
एन्झाइम चौऱ्याण्णव. एन्झाइम एकशे दहा.

शाळेत असताना कालव्यातल्या किड्यावर
सुई टोचायचे त्यांना,
एकच काचेची सिरिंज, पंचवीस पोरं.
रांगेत ह्याच्या पुढे शहाता, मागे अब्दुल-मोइझ.
दोघंही गेले.
ह्याला नावं अजून आठवतात, तीच माझी रोजची परीक्षा:
उठला की विचारते, तुझ्या पुढे कोण होतं?
ज्या दिवशी ‘शहाता’ यायला वेळ लागतो
त्या दिवशी सिरप एक चमचा जास्त.

मीठ बंद.
कापसाच्या काट्यावर त्याला उभा करते, वहीत मांडते.
रात्रीत किलोभर वाढला, तर ते अंग नव्हे, पाणी.
वसंताच्या सणाला अख्खं गाव खारवलेली मासळी सोडतं,
हा गच्चीवर जाऊन बसतो, वास खाली राहावा म्हणून.
वास कधी खाली राहतो का.

डॉक्टर शाहिनाज या खेपेला बाणांकडे बघेचना.
माझ्याकडे बघत होती.
गोळ्यांशिवाय आणखी काय जातं पोटात?
काही नाही, म्हणाला तो, आणि खरंच बोलत होता.
चहा कडू का लागतो
हे दोन वर्षांत त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

मीच काढली झग्याच्या खिशातून पुडी.
अत्ताराकडची. सात मुळ्या, यकृत धुऊन काढणाऱ्या,
किंमत दोन कोंबड्या.
आमच्यात लाडक्या माणसाला काळीज म्हणतात,
मीही ह्याला म्हणायचे, लग्न नवं होतं तेव्हा.
पुडी टेबलावर ठेवताना हात थरथरला.
त्याचा नव्हे.

ती रागावली नाही. पुडी कचऱ्यात टाकून हात धुतले.
बाण उतरतील थोडे, म्हणाली,
गेलं ते मात्र परत यायचं नाही,
उरलंय तेवढ्यातच निभवा.

परतीच्या मायक्रोबसमध्ये तो गप्पच.
कालवा लागला, तसा न विचारताच म्हणाला,
पुढे शहाता. मागे अब्दुल-मोइझ.
मग खिडकीकडे तोंड करून:
ती नर्स वाईट नव्हती गं, इन्शिराह.

त्या रात्री सिरप नेहमीएवढंच दिलं.