डार्करूममधला भाडेकरू

एप्रिलची दुपार, सव्वातीन.
हरभट रोडवर कुत्रंसुद्धा नव्हतं.
इम्तियाज शिकलगार थर्माकोलचा खोका छातीशी धरून
दुकानाच्या पायरीवर उभा.
काका, तुमची ती काळी खोली द्याल का?
आमच्या पत्र्याखाली हा शिजून मरेल.

खोक्यात गुलाबीसर पांढरं, वीतभर काहीतरी,
मानेला पिसं फुटल्यासारखं,
आणि हसत होतं. की तोंडाची ठेवणच तशी.
पाल आहे का रे?
पाल नाही काका, ॲक्सोलॉटल.
तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा जमलं.

अकरा वर्षं त्या खोलीत काही धुतलं नव्हतं मी.
इम्तियाजने भिंती घासल्या, फरशी घासली,
ट्रे उचलून माळ्यावर टाकले.
हायपोचा वास गेला म्हणाला.
त्याच्या नाकातून गेला असेल.

तापमापक मात्र माझाच ठेवला, काचेचा.
सांगलीच्या उन्हाळ्यात डेव्हलपर वीस अंशांवर राहावा म्हणून
ट्रेखाली बर्फ सरकवत रात्री काढल्यात याच्यासोबत.
तीन अंश चढले की
नवरी पिठासारखी, नवरदेव कोळसा.
याला अठरा लागतात. सोळाही चालतात.
बाविसाला जेवण सोडतो,
चोविसाला कल्ल्यांची टोकं पुढे वळतात,
कपाळाला आठी पडावी तशी.

मग बाटल्या. फ्रीजरमध्ये सहा, टाकीत एका वेळी एकच.
एकदम गार नाही करायचं काका, हळूहळू.
मला शिकवतोय!
पाण्यावर तिरका पंखा.
पंख्याने पाणी उडतं, ते भरायला
नळाचं पाणी औषध टाकून बादलीत ठेवलेलं.
काचेला बाहेरून ओलं बारदान मी लावलं,
मार्केट यार्डातलं, हळदीचं.
सकाळी काच पिवळी, माझे हात पिवळे,
इम्तियाजचं तोंड बघण्यासारखं.

आणि उजेड?
उजेड नको काका, त्याला पापण्या नसतात.
मी स्टुलावर बसलो.
चाळीस वर्षं माणसांना सांगत आलो,
डोळे मिटू नका, डोळे मिटू नका,
आणि प्रत्येक ग्रुप फोटोत एक तरी मिटायचाच.
इथे एक जण मिटूच शकत नाही.
ट्यूबचा स्टार्टर काढून खिशात घातला.
जुना लाल दिवा लावला, तोही भिंतीकडे तोंड करून.
फुटक्या माठाचा अर्धा भाग आत ठेवला,
त्यात तो शिरला, शेपूट बाहेर.

मोठा होतच नाही म्हणे.
म्हणजे वाढतो, अंडीबिंडीही होतात यांच्यात,
पण बाळपणीचे कल्ले टाकत नाही कधी.
मी म्हटलं, म्हणजे रोल धुतलेलाच नाही.
इम्तियाज हसला नाही. त्याने रोल पाहिलेलाच नाही.

मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर उडाला, रात्री नऊला.
साडेअकराला पाणी साडेएकवीस.
बाटल्या वितळून गेलेल्या.
स्कूटर काढली, रसवंतीवाल्या संपत हारुगडेला उठवलं.
लादी कशाला एवढ्या रात्री?
पाहुणा आहे.
त्याने भुसा झटकून पोत्यात बांधून दिली,
पैसे घेतले नाहीत, वर आल्याचा तुकडा दिला,
पाहुण्याला चहात घाला म्हणून.
बर्फ पिशवीत बांधून टाकीत सोडला, पिशवीचं तोंड वर धरून
टॉर्चवर रुमाल टाकून बसलो.
एकवीस. बराच वेळ एकवीस.
मग वीस आणि एक रेघ.

फ्रीज पुसताना दारात एक रोल सापडला.
चिठ्ठीवर अंकलीच्या कुणाचं तरी नाव, शाई पसरलेली.
न्यायला आलेच नाहीत.
वाटलं, धुवून टाकावा आता.
पण खोली कुठाय?
परत ठेवला, बाटल्यांमागे.

फोन वाजला, दीड वाजता.
किती?
एकोणीस.
आणि लाइट?
लाइटच नाही रे गावात.
मग बरंय, म्हणाला. झोपा आता.