निवटी रंग

तुर्भ्याला, ट्रक टर्मिनलच्या मागे आमचा गाळा.
वरचा बोर्ड वडिलांच्या हातचा, ब्रशने काढलेला.
खाली प्लॉटर, तीनशे रंगांचं कॅटलॉग
आणि मी.

दुपारी आधी आवाज आला, मग गाडी.
दोन दारांची, पोट जमिनीला टेकलेली,
पिवळीजर्द, पुण्याच्या कुणा पोराची हौस फिटून विकलेली.
स्पीडब्रेकरवर घासून घासून
बंपरची हनुवटी सोललेली.

भूपेश नाखवा, दिवाळे गाव. जेटीवर बर्फाचा धंदा.
म्हणाला, ताई, पिवळा काढा,
मी दुसऱ्याचा शर्ट घालून फिरल्यासारखं वाटतं.

मॅट काळा दाखवला.
अर्धं खारघर तेच घेऊन फिरतं, म्हणाला.
जांभळ्यातून हिरव्यात जाणारा दाखवला.
लग्नाच्या हॉलचा पडदा, म्हणाला.
दोनदा चहा झाला. तीनशे रंग संपले.
मग डिकीतून त्याने आइस्क्रीमचा डबा काढला,
झाकणाला भोकं पाडलेला.

आत चिखल. चिखलात निवटी.
जिवंत, डोळे थेट डोक्यावर, गाल फुगवून
माझ्याकडे बघत होती,
भाव न पटलेल्या बाईसारखी.

हा रंग, तो म्हणाला.

लोक चिखल धुवायला पैसे देतात हो, मी म्हटलं.
मी लावायला देतो, तो म्हणाला. बिल तेवढंच करा.

करडा म्हणावा तर करडा नाही.
शिशासारखा, कडेला शेवाळी,
ओला असताना चकाकणारा आणि सुकला की रुसणारा.
आणि त्यावर निळे ठिपके, इतके निळे
की ही माशाला कुणी दिली परवानगी, असं वाटावं.

सॅटिन करड्यावर पातळ ब्राँझचा थर दिला.
हीट गनने दाराच्या वळणावर फिल्म ताणली,
बुडबुडे नखाने हाकलले.
रोज सकाळी तो नवी निवटी आणायचा
आणि कालची परत न्यायचा.

ठिपके प्लॉटरने कापले. सगळे सारखे आले.
सारखे आले म्हणून फेकले.
वडील खुर्चीतून बघत होते.
त्यांचा उजवा हात दीड वर्ष झालं उठत नाही.
डावा पुढे केला.
कात्री दे.

दोनशे सतरा ठिपके.
एकही गोल नाही.

निम्मे स्पॉयलरवर लावले. भांडताना निवटी
पाठीचा पंख उभारते, तसा तो मागे उभा राहिला.
बाजूच्या जाळ्या आतून लाल हव्यात, भूपेश म्हणाला.
दिसणार नाहीत, मी म्हटलं.
बघणाऱ्याला दिसतील.

रंगबदलाच्या नोंदीला आरटीओच्या खिडकीवर गेला.
रंग?
निवटी.
यादीत नाही.
तासभर वाद घातला म्हणे.
कागदावर शेवटी ग्रे.

पोचवायला मीही गेले, डबा मांडीवर घेऊन.
पाम बीचला नेरुळच्या सिग्नलवर
बाइकवरची दोन पोरं व्हिडिओ काढत राहिली,
हिरवा पडून गेला तरी.

बाजारात त्याची आई टोपली सोडून उठली.
हात पदराला पुसला.
बॉनेट अंगठ्याने दाबून पाहिलं.
मग वाकली, बाजूच्या जाळीत बोट घातलं,
कल्ला उघडून बघावा तसं.
ताजी हाय, म्हणाली,
आणि गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून गेली.

ओहोटी होती. जेटीच्या शेवटच्या पायरीवर
मी झाकण काढलं.
निवटी दोन उड्यांत चिखलात गेली
आणि तिसरी उडी मला दिसलीच नाही.
गाडी मात्र वळून पाहिलं तरी
लांबून दिसत होती.

एका छटेने चुकलो होतो.
घरी जाऊन वडिलांना सांगितलं.
माहितीये, ते म्हणाले.