गुरुवारची सही

गुरुवारी भोसरीत लाइट नसते, शेडना सुट्टी,
म्हणून नाझनीन मुलाणी गुरुवारी येते.
चौथा मजला, खोली चारशे सात,
माझ्या टेबलासमोरची एका पायाने आखूड खुर्ची.
बसायच्या आधी लॉगबुक उघडून ठेवते:
तारीख, झालेलं काम, पुढचं काम, गाईडची सही.

बाकीच्यांनी विषय उचलले यादीतून,
मागच्या बॅचचे, नाव बदलून.
हिने ऑगस्टमध्ये विचारलं,
"मॅडम, नुसत्या आवाजावरून कळेल का
लेथचं बेअरिंग गेलंय ते?"
मी म्हटलं, बघ.
पहिला दीड महिना माझं मार्गदर्शन
एवढंच होतं.

अब्बा ज्या शेडमध्ये टर्नर आहेत
तिथे खिडकीत फोन ठेवून
तिने बाराशे क्लिपा भरल्या, दहा-दहा सेकंदांच्या.
चांगलं मशीन. खराब मशीन.
नोव्हेंबरात जिना चढून आली धावत,
लिफ्टला थांबायचा धीर नव्हता:
चौऱ्याण्णव टक्के!

आणि मी, जिने पेढे मागायचे,
चष्मा पुसत म्हणाले,
का?

कळतं मला, हा प्रश्न दुष्ट आहे.
माझ्या गाईडने मला तो विचारला नव्हता.
म्हणून माझ्या प्रबंधात एक आकडा आहे,
लायब्ररीच्या तळघरात, काळ्या बाइंडिंगमध्ये,
त्याच्या जवळून जाताना
मी अजून मोबाइल बघत असल्यासारखं करते.

दोन गुरुवार ती आली नाही.
तिसऱ्या गुरुवारी आली, लॉगबुक पिशवीतच.
"रात्री शेड बंद असताना रेकॉर्ड केलं, मॅडम.
एकही मशीन चालू नव्हतं.
मॉडेल म्हणालं, बेअरिंग खराब.
सत्त्याण्णव टक्के खात्रीने."

मग एकेक इअरफोन वाटून घेऊन
आम्ही दोघी ऐकत बसलो, बॅटरी संपेपर्यंत.
चांगल्या क्लिपा सगळ्या दुपारच्या,
मागे शेजारच्या शेडमधला प्रेस: धप्प. धप्प.
खराब झालेलं सात नंबर फक्त रात्रपाळीला चाले,
तेव्हा प्रेस बंद.
बेअरिंगचं त्याला काही कळलंच नव्हतं.
ते रात्र ओळखायला शिकलं होतं.

आधी हसलो. मग तिने नाक पुसलं ओढणीने,
मी खिडकीबाहेर पार्किंग बघितलं.

अब्बा काय म्हणाले?
"काही नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला,
टोक बेअरिंगवर, मूठ कानाला,
डोळे मिटले.
म्हणाले, बाकीचं ऐकू येणं बंद कर आधी."

'पुढचं काम' या रकान्यात
तिने ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं.
मी खाली सही केली. दुसरं काय करणार.

तपकीर गल्लीतून पंधरा रुपयांची पितळी चकती आली,
मशीनच्या अंगाला चिकटवायची.
पुन्हा बाराशे क्लिपा, दिवसाच्या, रात्रीच्या,
परीक्षा, रमजान, एकदा चकती वितळून गेली.
अडुसष्ट टक्के.
अडुसष्टच लिहिले तिने, ठळक न करता.

मे महिन्यात एक्स्टर्नल आले,
पाण्याची बाटली, बिस्किटांची बशी, घाई.
"अडुसष्ट? शेजारच्या ग्रुपला नव्व्याण्णव आहेत.
म्हणजे प्रोजेक्ट फसला म्हणायचा?"

मी तोंड उघडलं होतं.
तिने माझ्याकडे बघितलं नाही.
"पान बत्तीस, सर," म्हणाली,
आणि बंद शेडची ती क्लिप लावली.

दहा सेकंद भोसरीची रात्र त्या खोलीत.
लांब एक कुत्रं.
त्याहून लांब, नाशिक रस्त्याला, मागे येणारा ट्रक.
"यात तर काहीच ऐकू येत नाही," एक्स्टर्नल म्हणाले.
"हो सर," ती म्हणाली. आणि थांबली.

ते पान बत्तीस शोधत होते.
कोणीच बोलत नव्हतं,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला
चारशे सातच्या पंख्याचं बेअरिंग
ऐकू येत होतं.