मागं चालणारा पाय

साळा म्हणाला, "भाऊजी, शिकाऊ पोरगी ठेवली म्हणे.
दुकान हाय का शाळा हाय?"
तुमसरात त्याची राइस मिल. कोंड्याचाही भाव
त्याला तोंडपाठ.

वही काढली. पहिल्या महिन्याची पानं
त्याच्याच बाजूनं बोलत होती:
प्लास्टर चार गोण्या, त्यातली दीड वाया.
भट्टीच्या दाराची कडी.
प्लॅस्टिकची एक शीट, मधोमध जळून पापड झालेली.
चहा मी लिहिलाच नव्हता. लाज वाटली.

इशरत. कामठीची. वर्षभर राहून शिकायला आलेली.
वरच्या खोलीत मी जुने पाय ठेवायचो.
पहिल्याच रात्री तिनं ते सगळे
भिंतीकडं तोंड करून उभे केले.
"सर, बोटं माझ्याकडं बघतात. झोप येत नाही."

दिवसभर एकच: काहून, सर?
टाच एवढीच काहून उचलायची?
पट्टा गुडघ्याच्या वरूनच काहून?
एकोणीस वर्षं पाय जुळवतोय,
हाताला माहीत होतं, तोंडाला नव्हतं.
गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "असंच असते."
रिकाम्या सॉकेटवर टिचकी मारावी
तसं ते मलाच ऐकू आलं.

रात्री पुस्तकं काढली. वाळवी लागलेली.
जिथं पानं शाबूत होती
तिथं माझी चूक सापडली, जुनी, मुरलेली,
आणि त्या चुकीवर उभी असलेली माणसं
मला नावानिशी आठवली.
बोलावली. कोणी सायकलवर आलं,
कोणी आलंच नाही.
फुकट जुळवून दिले. खर्चात लिहिलं.

मग फुलवंताबाई कापगते आल्या,
पाय थैलीत, वरून वांगी.
"घरी बरा हाय जी. बांधीत उतरली का
चिखल धरून ठेवते, सोडतच नाही."
मी पट्टा आवळून दिला असता.
पन्नास रुपये.
इशरत म्हणाली, "बांधी बघू या ना, सर."

दुकान अर्धा दिवस बंद.
सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून
ती बायांच्या रांगेत उभी, हातात पऱ्ह्यांची जुडी,
वाकून, एक पाऊल मागं, अजून एक मागं.
धुऱ्यावर छत्री धरून उभा होतो मी
आणि तेव्हा दिसलं,
लहानपणापासून बघत आलो तरी तेव्हाच दिसलं:
रोवणारी बाई मागं मागं चालते.
मी आजवर केलेला प्रत्येक पाय
पुढं जाण्यासाठी होता.

तीन पाय फुकट गेले. चौथा
अरुंद, बोटांशिवाय, टाच गोल घासलेली,
गुळगुळीत तळ. दिसायला कुरूप.
फुलवंताबाईंनी तो चिखलात घातला, काढला,
पुन्हा घातला, आणि आमच्याकडं न बघताच
पुढची जुडी मागितली.

पुढच्या हंगामाआधी मोहाडीहून दोघी आल्या,
लाखांदूरची एक, नदीपलीकडची एक.
"मागं चालणारा पाय इथंच भेटते का जी?"
एकीनं आगाऊ म्हणून अर्धं पोतं तांदूळ ठेवला.
साळ्याला ही गोष्ट त्याच्याच मिलमध्ये
धान भरडायला आलेल्या बायांकडून समजली.
माझ्याशी बोलला नाही. पेढे मात्र पाठवले.

वर्ष संपलं. इशरतनं गोंदियात दुकान टाकलं.
"घ्या! शिकवा अजून," साळा म्हणाला.
चार दिवस मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.
पाचव्या दिवशी सकाळच्या बसनं
कंडक्टरच्या सीटखालून एक साचा आला,
जुन्या लुगड्यात गुंडाळलेला,
चिठ्ठी: "माझ्याकडं लेथ नाही, सर. तुम्ही करा, अर्धे अर्धे."
आता आठवड्याला दोन-तीन येतात.

आज विहंग नैताम आला, कुरखेड्याचा, नवा शिकाऊ.
आल्याआल्या फळीवरचा साचा उचलला.
डावा पाय, बाहेरच्या कडेनं झिजल्यासारखा,
इशरतनं सरावासाठी घेतलेला, माझाच.
माझी चाल इतकी कलती आहे
हे तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं.

"सर, हा पेशंट परत आलाच नाही का?"

म्हटलं, प्लास्टर भिजव.
त्यानं गोणी फोडली.
उभी फाडली, वरून खालपर्यंत.
फरशी पांढरी, आम्ही दोघं पांढरे.
वही घेतली. गोणी एक, लिहिलं,
कोणत्या बाजूला ते अजून लिहायचंय.