गाऱ्हाणं, बांबोळीच्या खुरसापाशी

खिडकीतल्या बाईने विचारलं, आधार कार्ड कुठलं?
म्हटलं, दोडामार्ग.
ती वाईट काहीच बोलली नाही.
केसपेपरवर शिक्का मारला फक्त: राज्याबाहेरील.
शाई ओली होती. घडी घातली तर
शिक्का जुईलीच्या नावावर उमटला, उलटा.

बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना राहू देत नाहीत.
तिची आई आत, स्टुलावर.
मी बाहेर.
बाहेर राहायची सवय आहे मला.

गावच्या देवळात आमचं घर तिसऱ्या पायरीपर्यंत.
कुठे लिहिलेलं नाही, पण पाय आपोआप थांबतात.
ती पायरी मीच बसवली. चिरा मीच कापलेला.
कापताना एक कोपरा उडाला होता,
तो कोपरा मी अजून ओळखतो.
देवी मला ओळखते का, ठाऊक नाही.
तिथून तिचा चेहरा दिसत नाही,
समईची वात दिसते, आणि भटजींची पाठ.

इथे हमरस्त्याकडेला खुरीस आहे.
चढावर ट्रक गिअर बदलतात. एखादा ड्रायव्हर
स्टिअरिंगवरचा हात उचलून कपाळाला लावतो
आणि वेग कमी न करता निघून जातो.
त्याचं तेवढ्यात भागतं. ओळखीतला असणार.
मी उभा राहतो. कधी गुडघे टेकायचे, कधी उठायचं,
कपाळ, छाती, मग खांदा आधी डावा की उजवा,
शेजारच्याचं बघून केलं एकदा, चुकलं.
एक पोरगं हसलं. आईने त्याला चिमटा काढला.

पिएदादबाय मेणबत्त्या विकते, दहाला एक.
पहिल्या दिवशी म्हणाली, वारा आहे, आडोशाला लाव.
नवव्या दिवशी काही म्हणाली नाही,
नुसती काडेपेटी पुढे सरकवली.

मला येतं ते एक गाऱ्हाणं.
गावात तेही घालायचा मान आमचा नव्हे,
मागे उभं राहून कानांनी उचललेलं.
इथे अडवायला कोण आहे? घातलं.

बा देवा म्हाराजा,
तुजा नाव माका धड घेवक येना नाय, ता पदरात घे.
तुज्या वहीत आमचा घर नाय,
म्हणान काय परत जाव?
पोरगी बारा वर्सांची, किडनी म्हातारी झाली.
बुधवारी परत मशीनवर घालतले.
तू माका वळकत नसशीत.
मी तरी तुका खंय वळकतंय?
तरी इलंय.

गाऱ्हाण्याला होकार लागतो.
गावात सगळे एका दमात म्हणतात, व्हय म्हाराजा,
त्या जोरावरच ते वर चढतं म्हणे.
इथे वाक्य संपलं की
फक्त रस्ता.

रागही आला. एका रात्री लावलीच नाही मेणबत्ती,
ओट्यावर बसून पाव खाल्ला, सुका,
आणि म्हटलं, तू पण तिसऱ्या पायरीवरच ठेवलंस ना.
दुसऱ्या दिवशी परत गेलो.
भक्ती वगैरे मला कळत नाही.
चिरा कळतो. पहिल्या घावाला तो ऐकत नाही,
दहाव्यालाही नाही, आवाज तेवढा बदलतो.
आवाज बदलला की नाही
ते मारणाऱ्यालाच कळतं, तेही कधीकधी चुकीचं.

काल वारा फार. वात तीनदा विझली.
चौथ्यांदा हाताचा आडोसा धरून म्हणत होतो,
तिका घराक धाड रे म्हाराजा,
आणि मागून आलं,
व्हय.
मग परत, व्हय, व्हय.

पिएदादबाय फोनवर होती. मुलगा जहाजावर असतो तिचा,
त्याच्याशीच बोलत असणार.
मी वळून पाहिलं नाही.
बोटावर मेण गळत होतं,
मी पुढचं गाऱ्हाणं घेतलं.